लेमीचा सर्व्हर, त्याच्या निर्मात्यांचे राजकारण आणि आमचे चार महिने : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४

आमचा मराठी वाचकांचा चौसष्ट जणांचा गट गेली सहा वर्षे एका मेसेजिंग ॲपवर चालतो. बहुतेक सभासद पुणे, नाशिक आणि नागपूरचे आहेत, काही न्यू जर्सी आणि मेलबर्नला स्थायिक झालेले आहेत. चर्चा उत्तम होते, पण टिकत नाही. मार्चमध्ये कोणी कष्टाने लिहिलेले परीक्षण ऑगस्टमध्ये शोधायला जावे, तर ते सुप्रभातच्या फुलांखाली कोठेतरी गाडले गेलेले असते. विषयवार धागे असावेत, उत्तराखाली उत्तर लिहिता यावे आणि सगळे आपल्या ताब्यातील सर्व्हरवर असावे, एवढ्या तीन अपेक्षा ठेवून मी लेमी हे चर्चामंच चालवणारे सॉफ्टवेअर सुचवले. ते कोणालाही आपल्या सर्व्हरवर चालवता येते आणि असे निरनिराळे सर्व्हर एकमेकांशी जोडले जातात.

तांत्रिक शंका एकही आली नाही. पहिला प्रश्न एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारला : "हे बनवणारे कट्टर कम्युनिस्ट आहेत म्हणे. त्यांच्या वाड्यात आपण बिऱ्हाड का थाटायचे?" त्यावर नागपूरच्या एका ताईंनी लगेच लिहिले की, गिरणीतून पीठ दळून आणताना आपण गिरणीवाल्याचे मत विचारत नाही. दोन्ही वाक्ये मला त्या क्षणी पटली आणि तीच माझी अडचण होती. असेच काम हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे. काय चुकले आणि किती वेळ गेला, हेही लिहीन.

४ ऑगस्ट

रविवारचा दिवस केवळ वाचनात गेला. लेमीचे काम २०१९ मध्ये सुरू झाले. त्याचे दोन प्रमुख डेव्हलपर टोपणनावांनी ओळखले जातात : डेसालिन आणि न्यूटॉमिक. हैतीच्या मुक्तिसंग्रामातील ज्या नेत्याने १८०४ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, त्याचे नाव पहिल्याने घेतले आहे, यावरूनच कल काय तो कळावा. आपले साम्यवादी विचार दोघेही लपवत नाहीत. लेमी डॉट एमएल हा सर्व्हर ते स्वतः चालवतात आणि तेथे चीन किंवा रशियावर केलेली टीका काढून टाकली जाते, अशी तक्रार अनेक वापरकर्ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. लेमीग्रॅड डॉट एमएल हा सर्व्हर तर मार्क्सवादी-लेनिनवाद्यांसाठीच आहे. २०२३ च्या मध्याला रेडिट या मोठ्या चर्चास्थळाने बाहेरच्या ॲपवाल्यांना परवडणार नाहीत असे एपीआयचे, म्हणजे तेथील मजकूर ॲपमध्ये आणण्याच्या सोयीचे, दर लावले, तेव्हा तेथून निघालेल्या हजारो लोकांनी लेमीवर पाय ठेवला आणि हा वाद सर्वांच्या नजरेस आला.

सॉफ्टवेअरचा परवाना मात्र एजीपीएल, तिसरी आवृत्ती, हा आहे. कोणत्याही हेतूसाठी चालवा, बदला, वाटा. बदललेले रूप इतरांना नेटवर्कवरून वापरायला दिलेत, तर त्याचा सोर्स कोडही त्यांना उपलब्ध करून द्या. वापरणाऱ्याचा पक्ष कोणता, हे तो विचारत नाही, आणि ही मोकळीक उलट दिशेनेही लागू पडते. ट्विटरसारखी सेवा चालवणाऱ्या मॅस्टोडॉन या सॉफ्टवेअरवर हाच परवाना आहे. २०१९ मध्ये गॅब या कट्टर उजव्यांत लोकप्रिय असलेल्या संकेतस्थळाने मॅस्टोडॉनचीच सुधारित प्रत वापरायला घेतली, तेव्हा मॅस्टोडॉनच्या निर्मात्यांनी नाराजी जाहीर केली, अनेक सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले, पण ते वापरण्यापासून त्याला कोणी रोखू शकले नाही. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलने मॅस्टोडॉनचाच कोड वापरला, तेव्हाही आक्षेप आला तो सोर्स कोड न दिल्याबद्दल. नंतर त्यांनी तो प्रसिद्ध केला. ज्या कलमामुळे मॅस्टोडॉनवाल्यांना गॅबला अडवता आले नाही, तेच कलम उद्या लेमीवाल्यांना आम्हाला अडवू देणार नाही. हे गटाला लिहून कळवले आणि निम्मे लोक समाधानी झाले.

पर्यायही पाहिले. के-बिन या अशाच सॉफ्टवेअरचे काम प्रामुख्याने एकाच व्यक्तीवर उभे होते; ते रखडल्यावर २०२३ मध्ये त्यातून एम-बिन फुटले. पायफेड हे तिसरे सॉफ्टवेअर पायथन भाषेत लिहिलेले असल्याने मला वाचायला सोपे गेले. परंतु त्याच्या कोडमध्ये असे दिसले की, स्थापनेच्या वेळीच काही सर्व्हरांची बंदी-यादी आपोआप भरली जाते आणि तीत गॅबही आहे आणि लेमीग्रॅडही आहे. म्हणजे येथेही निर्मात्याचे मत होते, फक्त ते वेगळ्या बाजूचे होते आणि कदाचित आमच्या गटाला अधिक मानवणारे होते. मते नसलेला डेव्हलपर शोधत बसण्यात अर्थ नाही, असे ठरवून लेमीवर कायम राहिलो.

वेळ : ७ तास. खर्च : शून्य.

१० ऑगस्ट

सर्व्हर भाड्याने घेतला : दोन कोअर, चार जीबी रॅम, चाळीस जीबी जागा, महिना सुमारे ५८० रुपये. डोमेनचे वर्षाला १,०५० रुपये पडले. डोमेन निवडताना घाई करू नये, कारण एकदा फेडरेशन, म्हणजे इतर सर्व्हरांशी देवाणघेवाण, सुरू झाले की, प्रत्येक खात्याची आणि पोस्टची ओळख त्या नावाशी कायमची बांधली जाते आणि नाव बदलायचे म्हणजे शून्यापासून सुरुवात. 'डॉट एमएल' हे मुळात माली देशाचे डोमेन आहे, पूर्वी ते फुकट मिळत असे. २०२३ च्या जुलैत त्याचा कारभार मालीच्या सरकारकडे गेला, तेव्हा एका लेमी सर्व्हरला आपले नावच गमवावे लागले. आम्ही पैसे देऊन साधे 'डॉट इन' घेतले.

स्थापनेत मी जी चूक केली, ती शुद्ध आळसाची होती. अधिकृत सूचना वाचण्याऐवजी कोणाची तरी वर्षभरापूर्वीची डॉकर कंपोजची, म्हणजे कोणते प्रोग्रॅम कसे चालवायचे ते सांगणारी, फाइल उचलली. तीत पोस्टग्रेस या डेटाबेसची १५ वी आवृत्ती होती. सर्व्हर चालू झाला, चार जणांनी खाती उघडली, आणि मग लक्षात आले की, लेमी ०.१९.४ पासून पोस्टग्रेस १६ आणि चित्रे साठवणारा प्रोग्रॅम पिक्ट-आरएस ०.५ हवे आहे. फाइलमध्ये १५ खोडून १६ लिहिले आणि डेटाबेस उठेचना. जुन्या आवृत्तीच्या फाइली नव्या आवृत्तीला वाचता येत नाहीत, एवढाच संदेश पुन्हा पुन्हा येत राहिला. रीतसर डम्प, म्हणजे सगळ्या माहितीची प्रत, काढून तो नव्या आवृत्तीत भरायला हवा होता. चारच खाती होती म्हणून सगळे पुसून पुन्हा उभे केले.

दुसरा अडथळा चित्रांचा. चित्र चढवले की चूक येई. पिक्ट-आरएसचा कंटेनर ९९१ क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्याची साठवणुकीची फोल्डर मात्र रूट या मुख्य वापरकर्त्याच्या मालकीची झाली होती. मालकी बदलणे हे एका ओळीचे काम, पण ती ओळ सापडायला दोन तास लागले. ही ओळ अधिकृत सूचनांत स्पष्ट लिहिलेली आहे.

वेळ : ९ तास, त्यांतील ६ वाया.

१७ ऑगस्ट

बाहेरच्या समुदायांची (लेमीत विषयवार दालनांना समुदाय म्हणतात) वर्गणी घेतली, म्हणजे त्यांच्या पोस्ट आपल्याकडे मागवल्या, की 'प्रलंबित' एवढेच दिसे आणि पुढे काहीच घडत नसे. लेमीत मागचा भाग आणि पुढचा भाग हे दोन वेगळे प्रोग्रॅम एकाच डोमेनवर राहतात, आणि कोणती विनंती कोणाकडे धाडायची, हे विनंतीच्या प्रकारावरून एनजिन्क्स हा दारावरचा प्रोग्रॅम ठरवतो. मी स्वतःची सुटसुटीत फाइल लिहिण्याच्या हौसेपायी इतर सर्व्हरांकडून येणाऱ्या सगळ्या 'पोस्ट' प्रकारच्या विनंत्या मागच्या भागाऐवजी पुढच्या भागाकडे वळवल्या होत्या. पत्रे येत होती, पण ती दिवाणखान्यात पडून राहत होती. सोबत येणारी फाइल जशीच्या तशी लावल्यावर पाच मिनिटांत सगळे सुरळीत झाले.

२४ ऑगस्ट

परवा खऱ्या विषयाला हात घातला. बँक अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून ठरले की, लेमी डॉट एमएल आणि लेमीग्रॅड हे दोन्ही सर्व्हर आपल्याकडे दिसू नयेत. ॲडमिनच्या पानावर अनुमत आणि प्रतिबंधित अशा दोन याद्या असतात. मी विचार केला, आधी चांगले शेजारी अनुमत यादीत घालावेत आणि मग वाईटांकडे वळावे. अनुमत यादीत लेमी डॉट वर्ल्ड या सर्व्हरचे एक नाव घातले आणि जेवायला गेलो.

दोन दिवस सर्व्हरवर शुकशुकाट होता. अनुमत यादीत एक जरी नाव असले, तरी यादीबाहेरचे सगळे जग बंद होते, हे मला माहीत नव्हते. दारावर 'जोशींना प्रवेश आहे' अशी पाटी लावली की, बाकी सगळे आपोआप परत जातात, तसे झाले. नाव काढले आणि लेमीग्रॅड व लेमी डॉट एमएल ही दोन नावे प्रतिबंधित यादीत घातली.

१ सप्टेंबर

लेमीग्रॅडच्या बंदीबद्दल आठ दिवसांत कोणी अवाक्षर काढले नाही. लेमी डॉट एमएलची बंदी मात्र आज उठवली. कारणे सविस्तर लिहितो, कारण हा प्रकल्पातील सर्वांत जास्त शिकवणारा आठवडा होता.

पहिले कारण : लिनक्स, खासगीपणा, मुक्त सॉफ्टवेअर अशा विषयांचे मोठे समुदाय तेथेच वाढलेले आहेत आणि आमच्यातील सहा-सात तरुण सभासद नेमक्या त्यांच्यासाठीच आले होते. दुसरे कारण : लेमीच्या ॲडमिनांसाठी असलेला मदतीचा समुदाय आणि नव्या आवृत्तीच्या घोषणाही तेथेच येतात. सॉफ्टवेअर त्यांचे वापरायचे, दुरुस्तीची बातमीही त्यांच्याकडूनच घ्यायची आणि दार मात्र त्यांनाच बंद, ही स्थिती मला ॲडमिन म्हणून धोक्याची वाटली.

तिसरे कारण बंदी घालण्यापूर्वीच समजायला हवे होते. चार सभासदांनी मला विचारले की, तेथील एका धाग्यात त्यांनी वाचलेले उत्तर नंतर आमच्या सर्व्हरवरूनही नाहीसे कसे झाले. आम्ही तर काहीच काढले नव्हते. समुदाय ज्या सर्व्हरवर राहतो, तेथील मॉडरेटरने काढलेले उत्तर फेडरेशनमधून सगळीकडे काढले जाते आणि ते कारणासह मॉडलॉगमध्ये, म्हणजे संपादनाच्या सार्वजनिक नोंदवहीत, दिसते. निर्मात्यांचे राजकारण आमच्यापर्यंत आले ते या वाटेने, त्यांच्या घरातील बैठकीच्या नियमांतून. सॉफ्टवेअरमध्ये मी कितीही शोधले असते, तरी ते तेथे सापडले नसते. त्यावरचा उपायही म्हणून सोपा निघाला : त्याच विषयाचा समुदाय दुसऱ्या घरी शोधायचा. लिनक्ससाठी प्रोग्रॅमिंग डॉट डेव्ह या सर्व्हरवरील समुदायाची वर्गणी घेतली. जेथे पर्याय नाही, तेथे लेमी डॉट एमएलवरचे वाचावे आणि तेथे राजकारणावर वाद घालू नये, असे गटात ठरले.

ज्यांना तरीही तो सर्व्हर नको आहे, त्यांना ०.१९ आवृत्तीपासून स्वतःच्या खात्यापुरता तो बंद करता येतो. बँक अधिकाऱ्यांना फोनवर पायरीपायरीने ते करून दिले. त्यांचा अर्ध्या तासाने परत फोन आला : "अहो, अजून त्यांच्यातला एक जण मला दिसतोय." बरोबर होते. खात्यापुरत्या बंदीने त्या सर्व्हरवरील समुदायांच्या पोस्ट लपतात, पण तेथील माणूस दुसऱ्या सर्व्हरवर येऊन बोलला, तर तो दिसतोच. त्याला वेगळे ब्लॉक करावे लागते. ते त्यांनी केले, आणि मग कोणाकोणाला ब्लॉक केले, याची माहिती ते मला आठवडाभर उत्साहाने देत राहिले.

५ सप्टेंबर

शिवीगाळीच्या गाळणीबद्दल. लेमीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत निंदाव्यंजक शब्दांची एक यादी कोडमध्येच कोरलेली होती आणि ती ॲडमिनला बंद करता येत नसे. द्वेष पसरवणाऱ्यांनी आपले सॉफ्टवेअर घेऊच नये, हा डेव्हलपरांचा उघड हेतू होता, तर टीकाकारांचे म्हणणे होते की, सर्व्हर आमचा असेल तर शब्दांचा निवाडाही आमचा असावा. पुढे ती यादी कोडमधून निघाली आणि ॲडमिनच्या पानावर एक रिकामा रकाना आला. निर्मात्यांचे मत कोडमधून खरोखर वेगळे झाल्याचे माझ्या माहितीतील हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

रिकामा रकाना पाहून मला आनंद झाला आणि मी तो माझ्या शब्दांनी भरला. अकरा मराठी शिव्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधण्याच्या सांकेतिक भाषेत, लिहिल्या. जातिवाचक शब्दांवर मी आणि नागपूरच्या ताई यांच्यात दीड तास चर्चा झाली, कारण जो शब्द एका तोंडी शिवी असतो, तोच दुसऱ्याच्या आत्मचरित्रात त्याच्या वेदनेचा शब्द असतो, आणि आमचा गट तर पुस्तकांवर बोलणारा आहे. ते शब्द यादीबाहेर ठेवले. तेथे माणसानेच वाचून ठरवावे. सौम्य शिव्या मात्र विचार न करता घातल्या. त्यांत 'साला' होता.

आज सकाळी एका सभासदाने गणपतीचे निमंत्रण टाकले. गाळणीत सापडलेल्या अक्षरांच्या जागी लेमी 'रिमूव्हड' (काढले) असा इंग्रजी शब्द घालतो, म्हणून ते असे उमटले : "रिमूव्हडबादप्रमाणे यंदाही आमच्या घरी श्रींची प्रतिष्ठापना..."

'सालाबादप्रमाणे'! मी हसलो, निमंत्रण पुन्हा लिहून घेतले (मूळ शब्द डेटाबेसमध्येही उरत नाही, त्यामुळे ते ज्याचे त्यालाच लिहावे लागते) आणि 'साला' नंतर 'बाद' आल्यास सोडावे, अशी तडजोड करायला बसलो. लेमी ज्या भाषेत लिहिले आहे, त्या रस्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये पुढे डोकावून पाहण्याची सोय नाही. शेवटी 'साला' नंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवे, असे लिहिले आणि काम झाले असे समजलो.

११ सप्टेंबर

गौरी काल आल्या आणि आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, त्यांनी नैवेद्याच्या भाजीसाठी 'घरचा गोडा मसाला' या शीर्षकाने पाककृती टाकली. शीर्षकातील शब्द गाळणीत सापडला, तर पोस्टच स्वीकारली जात नाही. काकूंनी शीर्षक बदलून 'गोडे वाटण' केले, तेव्हा पोस्ट गेली, आणि मजकुरात चार ठिकाणी 'मरिमूव्हड' असे उमटले. फोनवर त्यांचे पहिले वाक्य : "काय रे, माझ्या मसाल्यात असं काय सापडलं तुझ्या यंत्राला?"

मूळ चूक आता नीट सांगतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमा असली पाहिजे, हे मला माहीत होते आणि मी ती खूण आधी लिहिलीही होती. पण चाचणी ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये केली. जावास्क्रिप्टची सीमेची खूण देवनागरी अक्षरांना अक्षर मानतच नाही, म्हणून नमुना काहीच पकडत नव्हता, आणि मी खूणच निकामी समजून काढून टाकली. लेमीचा मागचा भाग रस्टमध्ये लिहिलेला आहे. तेथील इंजिन युनिकोड जाणते, काना-मात्रांना शब्दाचा भाग धरते आणि तेथे ती खूण देवनागरीसाठी बिनचूक चालते. ज्या भाषेत गाळणी चालणार, त्याच भाषेत ती तपासायला हवी होती. दोन्ही बाजूंना सीमा परत घातल्या. मसाला आणि सालाबाद, दोन्ही सुटले. 'साल्याने' हे रूप आता पकडले जात नाही. ते जाऊ दिले.

आणि अकरापैकी सात शब्द काढून टाकले. कोडमध्ये कोरलेल्या यादीवर ५ तारखेला मी जे लिहिले, त्यातील बरेचसे माझ्या यादीलाही लागू होते. फरक एवढाच की, माझी यादी मला काकूंच्या एका फोनवर बदलता आली.

वेळ : ५ तास, शिवाय काकूंची समजूत काढायला एक चहा.

२१ सप्टेंबर

वरच्या पट्टीत एक हृदयाचे चिन्ह असते. ते दाबले की, लेमीला देणगी देण्याचे पान उघडते. दोन सभासदांनी ते काढण्याची मागणी केली. मी पुढच्या भागाचा सोर्स कोड उतरवून ते चिन्ह खोडले आणि सर्व्हरवरच नवी प्रतिमा, म्हणजे चालवायला तयार असा प्रोग्रॅमचा संच, बांधायला घेतली. चार जीबी रॅम पुरली नाही, बांधणीने डेटाबेसलाही खाली खेचले आणि सर्व्हर चाळीस मिनिटे बंद राहिला. नंतर घरच्या लॅपटॉपवर बांधले, चालवले, आणि रात्री आठवले की, आता आपण बदललेले रूप लोकांना नेटवर्कवरून वापरायला देत आहोत, म्हणजे सोर्स कोडचा दुवा पानावर द्यायला हवा. दुवा दिला. एका चिन्हासाठी आता प्रत्येक नव्या आवृत्तीला माझी प्रत पुन्हा जुळवत बसणे आले.

दुसऱ्या दिवशी सगळे परत मूळ प्रतिमेवर आणले. लपवायचेच असेल, तर वेगळी थीम जोडण्याची सोय आहे आणि सीएसएस या पानाच्या सजावटीच्या भाषेतील एका ओळीत चिन्ह नाहीसे होते; पण मी तेही केले नाही. ज्यांच्या श्रमावर आपण फुकट बसलो आहोत, त्यांची झोळी झाकून ठेवण्याला राजकारणापासून फारकत म्हणता येणार नाही, असे माझे मत झाले आणि ते मी गटात लिहिले. एका सभासदाला ते आवडले नाही.

६ ऑक्टोबर

३ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि सर्व्हरवर आजवरची सर्वाधिक गर्दी झाली. त्याच गर्दीत तीन नव्या सभासदांची तक्रार आली की, त्यांना पान कोरे दिसते. त्यांनी उत्साहाने आपल्या भाषांत फक्त 'मराठी' निवडली होती. भाषेची खूण न लावलेल्या पोस्ट 'अनिश्चित' या गटात मोडतात आणि तो पर्याय निवडलेला नसेल, तर त्या दिसत नाहीत. आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक खूण लावतच नाहीत. दोन्ही निवडावे, अशी सूचना वर चिकटवली. समुदायाचे पत्त्यातील नाव देवनागरीत घेतले जात नाही, दिसणारे शीर्षक मात्र घेतले जाते, हेही याच सूचनेत घातले.

१९ ऑक्टोबर

आपली वेगळी प्रत काढून निर्मात्यांपासून कायमचे मोकळे व्हावे, हा प्रस्ताव एका तरुण सभासदाने मांडला. तो स्वतः प्रोग्रॅमर आहे, म्हणून गांभीर्याने विचार केला. दोन उदाहरणांनी तो मागे पडला. हेक्सबेअर हा सर्व्हर २०२० पासून लेमीच्या स्वतःच्या सुधारित प्रतीवर चालत होता आणि २०२३ मध्ये मूळ लेमीवर परत आला. राजकारणाने ते निर्मात्यांच्या जवळचेच लोक, तरीही प्रत सांभाळणे जड गेले. दुसरे, जुलै २०२३ मध्ये कस्टम इमोजी दाखवण्याच्या कोडमधील त्रुटीतून हल्लेखोर लेमी डॉट वर्ल्डच्या ॲडमिन खात्यापर्यंत पोहोचले होते. दुरुस्ती ०.१८.२ मध्ये आली आणि ती याच डेव्हलपरांनी दिली. अशा रात्री आमच्या प्रतीला ती दुरुस्ती कोण जुळवून देणार, असे विचारल्यावर तरुण सभासद म्हणाला, "मी देईन, पण परीक्षेच्या दिवसांत नको."

पैशांचा प्रश्न याच बैठकीत निघाला. लेमीला नेदरलँड्समधील एनएलनेट प्रतिष्ठानाकडून अनुदान मिळाले आहे आणि बाकी काम देणग्यांवर चालते. आमच्या वर्गणीतून वर्षाला हजार रुपये द्यावेत, असे मी सुचवले. येथे मात्र गिरणीवाल्याची उपमा नागपूरच्या ताईंवरच उलटली : दळणाचे पैसे आपण गिरणीवाल्याला देतोच, मग तो ते कोणाला देतो, ते विचारत नाही. बँक अधिकारी म्हणाले, "म्हणूनच मी गिरणी बदलतो." मत घेतले नाही. सामायिक वर्गणीतून काहीही जाणार नाही. ज्याला द्यायचे, त्याने स्वतःच्या खिशातून द्यावे, असे ठरले. मी देतो. कोड, शेजार आणि शब्दांची यादी वेगळी करता आली; पैसा आला की, ते जमले नाही, आणि ते जमल्यासारखे दाखवण्यापेक्षा असे सोडून देणे बरे वाटले.

१६ नोव्हेंबर

०.१९.६ आणि तिच्या पाठोपाठ ०.१९.७ आली. या वेळी आधी सूचना वाचल्या, मग डेटाबेसचा डम्प काढला, मग आवृत्ती बदलली. पंचवीस मिनिटे लागली. लिहिण्यासारखे काही घडले नाही, ही नोंद मुद्दाम लिहीत आहे.

२४ नोव्हेंबर

२० तारखेला विधानसभेचे मतदान झाले, काल निकाल लागला. गेल्या दहा दिवसांत मी ४३ उत्तरे काढली आणि दोघांना आठवड्यासाठी बाहेर ठेवले. ऑगस्टपासून डेव्हलपरांच्या राजकारणावर आम्ही जितके बोललो असू, त्याहून जास्त शब्द या दहा दिवसांत आपापल्या उमेदवारांवर खर्च झाले. चार महिन्यांत लेमीच्या निर्मात्यांनी आमचे एकही वाक्य काढले नव्हते. मी काढली.

काल रात्री बँक अधिकाऱ्यांनी फोन केला. त्यांचेही एक उत्तर गेले होते. मॉडलॉगमध्ये त्यांना कारण दिसले, 'नियम ४, व्यक्तिगत टीका', पण काढणाऱ्याच्या जागी नाव नव्हते, फक्त 'मॉड' लिहिलेले होते. "हे कोणी केले, ते आम्हाला कळायला नको का?" असे त्यांनी विचारले. मी पाहिले, तर मॉडरेटरांची नावे सामान्य वापरकर्त्यांपासून लपवण्याची एक खूण ॲडमिनच्या पानावर असते आणि ती मुळातच लावलेली असते. मॉडरेटरांना त्रास होऊ नये, हा तिचा हेतू आहे आणि मोठ्या सर्व्हरवर तो रास्तही असेल. ऑगस्टमध्ये निर्मात्यांची मते कोठे कोठे दडली आहेत, ते शोधताना मी या पानावरून चारदा गेलो होतो आणि ही खूण मला दिसली नव्हती.

ती काढली. आता त्या ४३ ओळींपुढे माझे नाव आहे. आज सकाळपासून त्यांपैकी तीन ओळींवर माझ्याकडे खुलासा मागितला गेला आहे. एक उत्तर मी परत लावले, दोन तसेच ठेवले.